मागचा दिवा काळा करण्याआधी

चतुर्थीच्या आधी गाडी घरी आणायची आणि मग आपल्या आवडीप्रमाणे ती सजवायची, ही आपल्याकडे आता जवळजवळ रीतच झाली आहे. यंदा या सदराकडे आलेल्या पत्रांत एकाच विषयावरची पत्रे इतकी आहेत की या अंकातली सगळी जागा त्यांनाच देत आहे. विषय आहे हेडलाइट आणि टेललाइटवर काळपट फिल्म चढवण्याचा किंवा काळ्या रंगाचा फवारा मारण्याचा. गॅरेजमध्ये याला ‘लाइट स्मोक करणे’ म्हणतात. वाहनांच्या विजेचे काम मी गोव्यातल्या डिचोलीत तीस वर्षे केले आणि त्यातला मोठा भाग दिव्यांच्या दुरुस्तीत गेला. या विषयावर माझे मत ठाम आहे, आणि ते का ठाम आहे हे उत्तरांतून मांडण्याचा प्रयत्न करतो.

प्रश्न : मी जुनी पांढरी हॅचबॅक घेतली आहे. मागचे-पुढचे चारही दिवे स्मोक केले की गाडी उठून दिसेल असे वाटते. दुकानदार म्हणतो की फिल्म ३५ टक्क्यांचीच आहे, म्हणजे ६५ टक्के प्रकाश बाहेर येतोच. त्याने एका गाडीवर फिल्म लावून ब्रेक दाबून दाखवला, तेव्हा दिवा चांगला लालभडक दिसत होता. फिल्म लावावी का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : लावू नये. दुकानदाराने तुम्हाला एक आकडा सांगितला आणि एक प्रात्यक्षिक दाखवले. दोन्ही फसवे आहेत, आणि बहुधा तो स्वतःही ते खरेच मानत असावा.

आधी आकडा पाहू. फिल्मवर लिहिलेला टक्का हा अडवलेल्या प्रकाशाचा नसून आरपार जाणाऱ्या प्रकाशाचा असतो. ३५ टक्क्यांची फिल्म ३५ टक्के प्रकाश बाहेर सोडते आणि ६५ टक्के गिळते. आकडा जितका लहान, तितकी फिल्म काळी. तुम्ही जो हिशेब मनात धरला आहे तो नेमका उलटा आहे, आणि ही चूक करणारे तुम्ही एकटे नाही. माझ्या दुकानात आलेल्या दहांतल्या आठ-नऊ जणांचा समज हाच असे.

आता प्रात्यक्षिक. दुकानात तुम्ही दिव्यापासून पाच-सहा फुटांवर, तो पेटणार हे ठाऊक असताना, त्याच्याकडेच बघत उभे होता. एवढ्या जवळून कोणताही ब्रेकलाइट लालभडकच दिसणार. शिवाय आपला डोळा काही मोजपट्टी नव्हे. प्रकाश निम्म्यावर आला तरी डोळ्याला तो ‘जरा कमी’ एवढाच जाणवतो. रस्त्यावर मात्र तुमच्या मागचा माणूस शंभर-दीडशे मीटरवर असतो, त्याचे लक्ष एकाच वेळी चार गोष्टींकडे असते आणि त्याच्या काचेवरून पाणी ओघळत असते.

दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होत जातो. त्यामुळे दिवा मंद केला की तो जिथून दिसतो ते अंतर, आणि हेडलाइटच्या बाबतीत तो जिथवर दाखवतो ते अंतर, ढोबळमानाने वर्गमुळाच्या हिशेबाने घटते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०५ असे सांगतो की गाडीच्या पुढच्या दिव्यांनी १५५ मीटर पुढची माणसे आणि वाहने स्पष्ट दिसली पाहिजेत. नेमका एवढाच पल्ला असलेल्या दिव्यावर ३५ टक्क्यांची फिल्म चढवली, तर या साध्या हिशेबाने पल्ला सुमारे ९२ मीटरवर येतो. २० टक्क्यांची चढवली तर ६९ मीटरवर. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर तोडते. म्हणजे ३५ टक्क्यांच्या फिल्मने तुमच्या हातातले जवळपास पावणेचार सेकंद काढून घेतले. आणि हा हिशेब कोरड्या हवेचा आहे. पावसात ओला रस्ता हेडलाइटचा बराचसा प्रकाश आरशासारखा पुढेच परतवतो, तुमच्या डोळ्यांपर्यंत तो येतच नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडची गुरे ओल्या रानातून उठून रस्त्याच्या मधोमध येऊन बसतात. काळ्या रस्त्यावर बसलेली काळी म्हैस चांगल्या हेडलाइटलाही उशिरा दिसते.

टेललाइटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्या मते सगळ्यांत गंभीर तीच आहे. मागच्या दिव्याकडे दिवसा निरखून पाहिले तर त्याच्या एखाद्या भागात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक नक्षी दिसते. तो रिफ्लेक्टर. काही गाड्यांत तो बंपरवर वेगळा असतो, पुष्कळ गाड्यांत मात्र टेललाइटच्या आतच असतो. त्याला वायर नाही, बल्ब नाही. मागून येणाऱ्या गाडीचा प्रकाश तो जिथून आला तिकडेच परत पाठवतो. फिल्ममधून हा प्रकाश एकदा आत जाताना आणि एकदा बाहेर येताना असा दोनदा जातो. ३५ टक्क्यांचे ३५ टक्के म्हणजे जेमतेम १२ टक्के प्रकाश उरला. २० टक्क्यांच्या फिल्ममागे ४ टक्के. बॅटरी बसली, फ्यूज उडाला, किंवा गाडी रस्त्याच्या कडेला दिवे बंद करून उभी केली, तर त्या गाडीचे रात्रीचे अस्तित्व या रिफ्लेक्टरवरच टिकलेले असते.

काही वर्षांपूर्वी जूनमधल्या एका रात्री म्हापशाहून डिचोलीला परतताना अस्नोड्याच्या पुढे मला एक बंद पडलेली स्कूटर अगदी शेवटच्या क्षणी दिसली. पाऊस होता, माझा वेग चाळीसच्या आतबाहेर असेल. स्कूटरच्या मागे उभ्या असलेल्या मुलाच्या पायातल्या पांढऱ्या चपला आधी दिसल्या, स्कूटर नंतर. मी गाडी जेमतेम वळवली. थांबून मागे गेलो, तेव्हा त्या स्कूटरचा मागचा दिवा रिफ्लेक्टरसकट काळ्या फिल्मखाली होता. मुलगा घाबरून गेला होता आणि माझेही हात कापत होते. त्याला काही झाले नाही, पण तेव्हापासून या विषयावर मी ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणू शकत नाही.

दिवसा काय बिघडते, असेही विचारले जाते. बल्बवाल्या पुष्कळ टेललाइटमध्ये एकाच बल्बात दोन तारा असतात, एक ५ वॉटची आणि दुसरी २१ वॉटची. रात्री सतत जळते ती ५ वॉटची आणि ब्रेक दाबल्यावर पेटते ती २१ वॉटची. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांविषयीच्या ७ क्रमांकाच्या नियमावलीत मागच्या साध्या दिव्याची तीव्रता किमान ४ कँडेला आणि ब्रेकलाइटची किमान ६० कँडेला धरली आहे. एवढा मोठा फरक ठेवण्याचे एक कारण असे की ब्रेकलाइट भर उन्हातही दिसला पाहिजे. संध्याकाळी पणजीहून फोंड्याकडे निघालात तर सूर्य पाठीशी असतो आणि पुढच्या गाड्यांच्या टेललाइटवर थेट पडतो. अशा वेळी शाबूत दिव्याचा ब्रेकही डोळे बारीक करून पाहावा लागतो. त्यावर फिल्म असेल तर मागच्याला कळते ते तुमची गाडी अचानक मोठी दिसू लागल्यावर.

आणि मागचा माणूस तुमच्याच वयाचा असेल असे नाही. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. तुम्ही आणि दुकानदार दोघांनी तरुण डोळ्यांनी दिवा तपासलात. मागचा दिवा गाडीच्या मालकाला गाडी चालवताना कधीच दिसत नाही. तो मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी लावलेला असतो, तेव्हा तो पुरेसा आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकारही त्याच्या डोळ्यांचा आहे.

प्रश्न : एका मित्राला स्मोक केलेल्या टेललाइटसाठी पोलिसांनी अडवले, दुसरा दोन वर्षे बिनधास्त फिरतो आहे. नियम नक्की काय आहे? काचेला ७० टक्क्यांपर्यंत मुभा असते ती दिव्यांना लागू होत नाही का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : लागू होत नाही. ७० टक्क्यांचा आकडा खिडक्यांच्या काचांचा आहे. नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी जो गाजलेला निकाल दिला तोही काचांवरच्या फिल्मविषयीच होता. दिव्यांसाठी अशी टक्क्यांची सवलत नियमांत कुठेही नाही. दिवा काचेसकट, आतल्या आरशासकट आणि ठरावीक बल्बासकट एक वस्तू म्हणून तपासला जातो आणि मगच मंजूर होतो. त्यावर तुम्ही काहीही चिकटवले की तो तपासलेला दिवा राहत नाही.

कायद्याची बाजू अशी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळा असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट शब्दांत सांगितले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कायद्यात कलम १८२-अ आले. त्याच्या चौथ्या पोटकलमात परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ‘दर बदलामागे’ हे शब्द लक्षात ठेवावेत. जागेवर तडजोडीने भरायची रक्कम राज्य सरकार ठरवते, त्यामुळे शेजारच्या राज्यातल्या मित्राची पावती आणि तुमची पावती सारखी असेलच असे नाही. इंडिकेटरवर लाल फिल्म असेल तर नियम १०२ चाही भंग होतो, कारण त्याचा प्रकाश पिवळसर नारिंगीच असावा लागतो.

दुसरा मित्र दोन वर्षे पकडला गेला नाही, याचा अर्थ त्याला कोणी अडवले नाही एवढाच आहे. अपघात झाला तर मात्र विम्याचा सर्व्हेअर आधी दिव्यांचेच फोटो काढतो. न कळवलेला आणि कायद्यात न बसणारा बदल गाडीवर दिसला की दाव्यावर प्रश्न उभा राहतो, आणि तुम्हाला मागून धडक देणाऱ्याचा वकील तर पहिला प्रश्न तोच विचारील.

प्रश्न : माझा मुलगा वेर्ण्याला कामाला जातो, पाळी संपवून रात्री साडेअकरा-बाराला स्कूटरने घरी येतो. त्याने मागचा दिवा काळा करून घेतला आहे. काही म्हटले की ‘सगळ्यांनी केलाय, आई, पेटला की दिसतो’ असे उत्तर मिळते. भांडण न करता त्याला कसे पटवू?
— एक आई, साखळी

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. भांडणाने हे पटत नाही आणि भीती घालूनही पटत नाही, पण त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना दिसले तर पटते. एखाद्या सुटीच्या रात्री अंगणातले आणि व्हरांड्यातले दिवे बंद करा. त्याची स्कूटर अंगणाच्या टोकाला, शक्य असेल तर रस्त्याच्या कडेला तीस-चाळीस पावलांवर, पाठ तुमच्याकडे करून उभी करायला सांगा. चावी काढून घ्या, कारण आपल्याला बंद पडलेली स्कूटर बघायची आहे. तिच्या शेजारी घरातली किंवा शेजाऱ्यांची, फिल्म नसलेली स्कूटर तशीच उभी करा. आता मुलाच्या हातात टॉर्च द्या आणि ती कानाला लावून, डोळ्याच्या अगदी जवळ धरायला सांगा. हे महत्त्वाचे आहे. रिफ्लेक्टर प्रकाश आल्या वाटेनेच परत पाठवतो, त्यामुळे टॉर्च कमरेशी धरली तर त्याला फारसे काही दिसणार नाही आणि प्रयोग फसला असे वाटेल.

टॉर्च फिरवली की शेजारची स्कूटर लाल निखाऱ्यासारखी पेटून उठेल. त्याच्या स्कूटरच्या जागी एक मळकट ठिपका दिसेल, फिल्म फार काळी असेल तर तोही दिसणार नाही. मग त्याला काहीही बोलू नका. मी हा प्रयोग माझ्या दुकानामागच्या आवारात बऱ्याच मुलांना करायला लावला आहे. त्यांतले काही जण त्याच रात्री नखाने फिल्म खरवडायला बसले होते.

दुचाकीबद्दल आणखी एक सांगतो. मोटारीला मागे दोन दिवे असतात; एक गेला तर दुसरा निदान काहीतरी सांगत राहतो. स्कूटरला बहुधा एकच असतो. आपल्याकडचे पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाले, दिवसभर गिऱ्हाइकांची ने-आण करतात, पण त्यांच्यातले जुने जाणते संध्याकाळ झाली की पहिले काम करतात ते खिशातल्या फडक्याने मागचा दिवा पुसण्याचे. तुमच्या मुलाला त्यांच्यापैकी कोणाशी तरी बोलू द्या. आईपेक्षा त्यांचे शब्द लवकर लागू पडतील.

प्रश्न : मी आठवड्यातून दोनदा चोर्ला घाटातून बेळगावला जातो. पावसाळ्यात घाटात धुके इतके असते की पाच पावलांपुढचे दिसत नाही. हेडलाइटवर पिवळी फिल्म लावली तर प्रकाश धुके कापतो असे ट्रकवाले सांगतात. ही फिल्म तर काळी नाही. ती चालेल का?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : ट्रकवाल्यांचे सांगणे मी सहसा डावलत नाही, कारण घाटातल्या रात्री त्यांच्याइतक्या कोणी काढलेल्या नसतात. पिवळ्या प्रकाशावरचा विश्वासही जुना आहे. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकापासून १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते. मात्र पिवळा रंग धुके कापतो, हे खरे नाही. आकाश निळे दिसते ते हवेतले अतिसूक्ष्म रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात म्हणून. धुक्यातले थेंब त्या मानाने फार मोठे असतात आणि ते सगळेच रंग जवळजवळ सारखे विखुरतात. पिवळ्या प्रकाशाने काही डोळ्यांना चकाकी कमी वाटते, कारण त्यात निळा भाग कमी असतो, आणि त्या आरामालाच लोक ‘धुके कापले’ असे म्हणतात. फिल्म हा आराम देते ती तुमच्याच हेडलाइटचा काही प्रकाश गिळून. शिवाय मंजूर दिव्यावर चिकटवलेली वस्तू हा आक्षेप तिलाही लागूच आहे.

धुक्यात आपल्याला आंधळे करतो तो आपलाच प्रकाश. वरच्या दिव्याचा झोत डोळ्यांसमोरच्या थेंबांवर आदळून परत डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. म्हणून धुक्यात अप्पर कधीही वापरू नये, डिपरच ठेवावा. फॉगलॅम्प बंपरच्या खालच्या बाजूला बसवतात तेही याचसाठी, म्हणजे त्याचा रुंद आणि सपाट झोत डोळ्यांच्या रेषेच्या पुष्कळ खालून रस्त्यावर पसरतो. तुमच्या गाडीच्या मॉडेलला कंपनीचा फॉगलॅम्प मिळत असेल तर खर्च त्यावर करा. मूळ पिवळा म्हणूनच बनवलेला आणि मंजूर झालेला फॉगलॅम्पही मिळतो. पिवळ्याची हौस त्याने भागवता येईल. घाटात मागचे दिवे चालू असल्याची खात्री मात्र दर वेळी करा. दिवसाच्या धुक्यात पुष्कळ जण पुढचे पांढरे दिवसदिवे (गाडी सुरू असताना आपोआप लागणारे दिवे) पाहून सगळे दिवे चालू आहेत असे समजतात, आणि काही गाड्यांत ते दिवे लागले तरी मागे काहीही पेटलेले नसते.

प्रश्न : फिल्म तशीच ठेवून आत जास्त वॉटचा बल्ब बसवला तर हिशेब बरोबर होणार नाही का?
— एक वाचक, वास्को

उत्तर : होणार नाही. ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० वॉटचा बल्ब बसवला की होल्डर वितळतो, वायरचे आवरण कडक होऊन तडकते आणि आतल्या आरशाचा चकचकीत थर करपतो. मी असे जळके होल्डर शेकड्यांनी बदलले आहेत. फिल्म उष्णता धरून ठेवते, त्यामुळे काचेलाही त्रास होतो. हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात बाजारातला एलईडी बल्ब बसवणेही टाळावे, कारण प्रकाश निघण्याची जागा थोडी जरी हलली तरी झोत विस्कटतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

प्रश्न : तुमचे मागचे लेख वाचून फिल्म काढायचे ठरवले आहे. हेडलाइटवर फिल्म आहे, टेललाइटवर मात्र आधीच्या मालकाने काळा स्प्रे मारला आहे. दिवे खराब न होता हे घरी काढता येईल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : फिल्म घरी काढता येते. स्प्रेचे काम जिकिरीचे आहे.

फिल्मसाठी गाडी सावलीत उभी करा आणि दिवा साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करा. केस वाळवायच्या ड्रायरने एका कोपऱ्यावर गरम हवा द्या. हात लावून सोसेल इतकेच तापवायचे, त्याहून जास्त नाही. कोपरा नखाने सुटला की फिल्म स्वतःकडे ओढू नका. ती जवळजवळ दिव्याला चिकटूनच, मागे दुमडत, सावकाश सोलत जा आणि पुढच्या भागाला हवा देत राहा. घाईने ओढली की गोंद काचेवर राहतो आणि मग तो काढण्यातच संध्याकाळ जाते. राहिलेला गोंद मऊ फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावा. पेट्रोल, थिनर किंवा नखांचे पॉलिश काढायचे द्रावण यांना हातही लावू नका. आपण सवयीने ‘काच’ म्हणतो, पण आजच्या हेडलाइटची काच पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकची असते आणि टेललाइटची बहुधा ॲक्रिलिकची. अशा द्रावणांनी त्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात, आणि त्या कोणत्याही पॉलिशने जात नाहीत.

स्प्रे काढायचा तर ओल्या पॉलिश पेपरने घासावे लागते: आधी १००० नंबर, मग २०००, मग ३०००, आणि शेवटी रबिंग कंपाउंडने चकाकी. पेपर सतत पाण्यात बुडवत राहायचा आणि दाब अगदी हलका ठेवायचा. टेललाइटचे ॲक्रिलिक हे बऱ्यापैकी सोसते. हेडलाइटवर मात्र असे घासणे शेवटचा उपाय म्हणूनच करावे, कारण त्यावर कारखान्यात दिलेला उन्हापासून वाचवणारा पारदर्शक थर असतो. तो घासून गेला की आपल्या उन्हात दिवा भराभर पिवळा पडतो, आणि तो थर पुन्हा चढवून घ्यावाच लागतो. टूथपेस्टने दिवा घासण्याची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. तिने काही दिवस तजेला येतो, पुढे काही टिकत नाही.

तुमच्या टेललाइटचा स्प्रे आतल्या खाचांत, कडांना आणि रिफ्लेक्टरवर गेला असेल तर पेपर तिथे नीट पोहोचणार नाही. तसे असेल तर मजुरी घालवण्यापेक्षा कंपनीचा नवा टेललाइट घ्यावा. गाडी जुनी असली तरी हा खर्च वाया जात नाही. बदलताना मागची रबरी पट्टी तपासून घ्या. आपल्या पावसात ती सैल राहिली तर आठवड्याभरात दिव्यात पाणी साचते.

प्रश्न : मला गाडी काळी आणि दणकट दिसायला हवी आहे, पण कायदा मोडायचा नाही आणि कोणाचा जीवही धोक्यात घालायचा नाही. काही मार्ग आहे का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : आहे, आणि तुमच्यासारखा प्रश्न विचारणाऱ्यांसाठी मी आनंदाने वेळ काढतो. गाडी गडद दिसावी ही हौस अजिबात चुकीची नाही. काही कंपन्यांच्या गडद आवृत्त्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांचे दिवे काळे वाटतात, पण जवळ जाऊन पाहा: बाहेरची काच स्वच्छ पारदर्शक असते, आतली चौकट तेवढी चांदीऐवजी काळी असते. प्रकाशाच्या वाटेत काहीच येत नाही. तुमच्या मॉडेलच्या वरच्या किंवा गडद आवृत्तीसाठी कंपनीने असा दिवा काढला असेल आणि तो तुमच्या गाडीत बसत असेल, तर अधिकृत स्पेअर पार्ट म्हणून तो मागवता येतो का ते विचारा. स्वस्तातला, मंजुरीचा शिक्का नसलेला नकली दिवा मात्र घेऊ नका. त्याचा झोत कुठे पडेल हे कोणी तपासलेले नसते. दिव्यावर मंजुरीची खूण कोरलेली असते, ती दुकानातच बघून घ्यावी.

बाकी गडदपणा दिव्यांच्या बाहेर पुष्कळ मिळतो. पुढची जाळी, दारांवरच्या आणि खिडक्यांखालच्या क्रोमच्या पट्ट्या, बाहेरच्या आरशांची टोपणे, कंपनीचा बॅज, चाकांच्या रिम हे सगळे काळे करता येते आणि त्याने गाडीचा चेहराच बदलतो. रिमचा आकार बदलू नका, रंग बदला. क्रोमवर काळी व्हिनाइल (प्लॅस्टिकची चिकट फिल्म) लावून घेतली तर मन बदलल्यावर ती काढताही येते. छपराला किंवा पूर्ण गाडीला वेगळा रंग द्यायचा असेल तर आधी आरटीओत अर्ज करा, कारण गाडीचा रंग आरसीवर लिहिलेला असतो आणि बदललेला रंग तिथे नोंदवावा लागतो. पूर्ण गाडीला व्हिनाइल गुंडाळली तरी रस्त्यावर प्रश्न हाच येतो. नंबरप्लेटला आणि तिच्यावरच्या छोट्या पांढऱ्या दिव्याला हात लावू नका.

काम पूर्ण झाल्यावर गाडी संध्याकाळी सातच्या सुमारास घराबाहेर उभी करा, सगळे दिवे चालू करा आणि घरातल्या वयाने मोठ्या माणसाला दीडशे पावले चालत मागे जायला सांगा. तुम्ही आत बसून एकेक दिवा लावा, इंडिकेटर डावा-उजवा, मग ब्रेक, मग रिव्हर्स. काय पेटले ते त्यांनी फोनवर सांगायचे. त्यांनी प्रत्येक दिवा न चुकता आणि न अडखळता ओळखला, तर काळी गाडी घेऊन खुशाल निघा.